दात काढायचा तर कुठे? दंत महाविद्यालय आणि नाक्यावरचा दवाखाना

दात काढून आलेल्या माणसाला आपण दोनच गोष्टी विचारतो: दुखलं का, आणि किती घेतले? या दोन उत्तरांवरून दवाखाना चांगला की वाईट हे ठरत नाही. दात ओढायचं काम बहुतेक वेळा काही मिनिटांचं असतं. खरा फरक पडतो तो त्याआधीच्या चौकशीत, भूल चढेपर्यंतच्या थांबण्यात आणि नंतरच्या सूचनांत.

आधी दंत महाविद्यालयं. मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय आणि मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर, हे 1933 पासूनचं. शासकीय महाविद्यालयं नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही आहेत. इथे आलात म्हणजे थेट खुर्चीत बसवत नाहीत. केसपेपर, मग तपासणी आणि निदानाचा विभाग, मग एक्स-रे, मग ओरल सर्जरी, म्हणजे दात काढायचा विभाग. प्रत्येक ठिकाणी रांग. सकाळ गेलीच म्हणून समजा, अर्ध्या दिवसाची रजा टाकूनच निघा. दात बहुधा विद्यार्थी किंवा इंटर्न काढतो, पण शिकवणारे डॉक्टर जवळच असतात आणि मूळ अडकलं तर ते पुढचं काम हातात घेतात. विद्यार्थी म्हटलं की लोक बिचकतात. साध्या दातासाठी बिचकायचं कारण नाही, कारण या खोलीत दिवसभर हेच काम चालतं.

खासगी दवाखान्यात संध्याकाळी सातची वेळ मिळते, खुर्ची रिकामी असते आणि सगळं काम एकच डॉक्टर करतो. याच सोयीमुळे चौकशीला कात्री लागण्याचा धोकाही असतो. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली इंजेक्शनं, तोंडाच्या कॅन्सरसाठी जबड्याला दिलेलं रेडिएशन, औषधाची ॲलर्जी: यातलं काहीही न विचारता कोणी सुई भरायला घेतली तर खुर्चीतून उठा. हाडांची औषधं आणि रेडिएशन या दोन्हींमुळे दात काढलेल्या जागचं हाड भरून न येता सडू शकतं. ॲस्पिरिन किंवा वॉर्फरिन मात्र आपल्या मनाने बंद करू नका. वॉर्फरिन घेणाऱ्याचा ताजा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी चाचणी) पाहून, टाका घालून आणि बोळा नीट दाबून रक्त थांबवता येतं. गोळी बंद केल्याने होणारी गुठळी त्याहून महागात पडते. आणि उपाशीपोटी जाऊ नका. विशेषतः मधुमेह असेल तर जेवून, नेहमीचं औषध घेऊनच जा.

आता भूल. बहुतेक ठिकाणी 2 टक्के लिग्नोकेन आणि त्यात अगदी थोडं ॲड्रिनलिन. ॲड्रिनलिनमुळे भूल जास्त टिकते आणि रक्त कमी येतं. त्यानेच कधी मिनिटभर छातीत धडधडतं, ते आपोआप शमतं. वरच्या दाढेला बाहेरून एक सुई आणि टाळूत एक. टाळूतली सगळ्यांत झोंबते, कारण तिथली कातडी हाडाला घट्ट चिकटलेली असते, औषधाला पसरायला जागाच नसते. खालच्या दाढेला मात्र जबड्याच्या मागे, नसेजवळ सुई देतात. तीन ते पाच मिनिटांत खालचा अर्धा ओठ हनुवटीच्या मध्यापर्यंत जड पडायला हवा. चांगला डॉक्टर तेवढा थांबतो, हिरडीत टोचून बघतो, मगच हत्यार उचलतो. ओठ जड झाला नसेल तर तसं सांगा. गप्प बसून सोसण्यात काही शौर्य नाही, दुसरी सुई देता येते. पू झालेल्या जागी भूल नीट लागत नाही, कारण तिथला भाग आम्लधर्मी झालेला असतो. म्हणून काही वेळा आधी पू काढून देतात आणि दात नंतर काढतात. त्याला टाळाटाळ समजू नका.

भूल दुखणं थांबवते, दाब थांबवत नाही. आधी हिरडी सोडवतात, मग एलिव्हेटर नावाचं तरफेसारखं हत्यार दात आणि हाडाच्या फटीत घालून दात हलता करतात, मग चिमटा. चिमट्याने आधी मुळाच्या दिशेला दाबतात आणि दात गालाकडे-जिभेकडे झुकवत खड्डा रुंद करतात. या वेळी कट्-कट् आवाज कानापर्यंत येतो आणि जबडा आता सुटतोय की काय असं वाटतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मुळाचं टोक मोडणं ही नेहमीची अडचण: रूट कॅनाल झालेले ठिसूळ दात, वाकडी मुळं, घाई. एक्स-रे आधी काढला असेल तर वाकडं मूळ आधीच दिसतं. दात निघाल्यावर डॉक्टर त्याची मुळं उलटसुलट करून बघतो का, हे जरूर पाहा. गुटख्यामुळे तोंड पुरतं उघडत नसेल तर हेच काम कितीतरी अवघड होतं. ते वेळ घेतानाच सांगा.

वरचा दात काढला की नजर जाते हा समज अजून जिवंत आहे. डोळ्याच्या नसेचा आणि दाताच्या नसेचा रस्ता वेगळा. वरच्या मागच्या दाढांची मुळं सायनसला, म्हणजे गालाच्या हाडातल्या हवेच्या पोकळीला, लागून असतात, खरी काळजी तिथे. पोकळी उघडली असं सांगितलं असेल तर नाक जोरात शिंकरू नका.

सूचनांच्या बाबतीत दोन्हीकडे कंजुषीच दिसते. तोंडी चार वाक्यं बोलून मोकळे होतात, आणि जड जिभेच्या माणसाला ती आठवत नाहीत. मराठीत छापलेला कागद मागा. त्यावर एवढं तरी हवं: बोळा 30 ते 45 मिनिटं दाबून धरा. सारखा काढून बघू नका, थुंकू नका, लाळ गिळा. पहिले 24 तास चूळ नाही, स्ट्रॉ नाही, बिडी-सिगारेट नाही, मिश्री तर नाहीच. जेवण मऊ आणि गार, ताकभात चालेल. दुसऱ्या दिवसापासून ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा हलकी गुळणी. लाळ दिवसभर गुलाबी दिसली तर चालतं. तोंड रक्ताने भरत असेल तर स्वच्छ बोळा पुन्हा अर्धा तास दाबा, तरी थांबलं नाही तर दवाखाना गाठा.

खड्ड्यात धरलेली रक्ताची गुठळी निसटली की हाड उघडं पडतं. दुखणं आधी कमी होऊन दोन ते चार दिवसांनी एकदम उसळतं, कानापर्यंत जातं, तोंडाला घाण वास येतो. खालच्या दाढांना आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना हे जास्त होतं. यावर अँटिबायोटिकचा फारसा उपयोग नाही. खड्डा धुऊन त्यात लवंगतेलाचं औषध भरतात, तेव्हा काही वेळातच आराम पडतो.

आडव्या अक्कलदाढेचं गणित वेगळं. हिरडी उघडून, हाड कोरून, दात कापून तुकड्यांनी काढतात, टाके घालतात. ते विरघळणारे नसतील तर सातव्या दिवशी काढतात. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. खालचा ओठ किंवा जीभ काही काळ, क्वचित कायमची, बधिर राहू शकते. हे तोंडी न सांगता नुसती सही घेत असतील तर तिथे करू नका. या कामाला ओरल सर्जनच हवा. महाविद्यालयात तो असतोच. दवाखान्यात बाहेरून बोलावतात, म्हणून त्याची फी, एक्स-रे, टाके आणि नंतरची फेरी धरून किती, ते आधीच विचारून घ्या.

आमचं मत सांगायचं तर साधा दात आणि हातात वेळ असेल तर महाविद्यालय. आजार अनेक असतील तर रुग्णालयाला जोडलेलं महाविद्यालय. नोकरी सोडून जाता येत नसेल आणि वरच्या कसोट्यांवर उतरणारा दवाखाना जवळ असेल तर तिथे. वार मात्र सोमवार किंवा मंगळवार धरा. शुक्रवारी दात काढला तर दुखणं उसळायचे दिवस रविवारपाशीच सुरू होतात, आणि रविवारी ओपीडी बंद असते.