खेळण्यांचा पसारा: मोठा टब की बुटकं रॅक?

दीड-दोन वर्षांचं पोर घरात असलं की खेळणी ठेवायची कशात हा प्रश्न येतोच. टबचं सोपं आहे, रात्री भराभर सगळं आत टाकलं की हॉल मोकळा, आणि "चल, गाडी टबात टाक" हे एवढ्याशा मुलालाही कळतं. पण त्याला नेमकी तळातली गाय हवी असते, मग ते अख्खा टब उपडा करतं, ठोकळे, रिंगा, भातुकलीची झाकणं सगळं सोफ्याखाली, आणि गाय मिळाली की बाकीच्याकडे बघत पण नाही.

रॅक म्हणजे मॉन्टेसरी बालवाडीत असतं तसं, उघडं आणि मुलाचा हात पोचेल इतकं बुटकं. त्यावर सात-आठच खेळणी मांडायची, बाकीची बेडच्या बॉक्समध्ये, आणि आठवड्याने अदलाबदल. जागा ठरलेली असली की मूल वस्तू परत ठेवायलाही शिकतं, हळूहळू. मात्र रॅक भिंतीला स्क्रूने पक्कं हवंच हवं, मुलं त्यावर चढतात आणि ते अंगावर येऊ शकतं. टबच घेणार असाल तर जड झाकणाचा नको, बोटं चेमटतात.

माझं मत रॅकलाच. फक्त ठोकळ्यांसाठी एक छोटा टब ठेवा, ते एकेक करून कोण मांडणार!