दर शनिवारी नागपूर की घरीच मोबाईलवर? पोराच्या थेरपीचा आमचा हिशोब

आमच्या पोराचं निदान झालं तेव्हा तो सव्वातीन वर्षांचा होता, आता पाच पूर्ण होतील. ऑटिझम म्हणजे काय, लवकर सुरू करा वगैरे डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलंच असेल, ते सोडून देतो. गावात राहून थेरपी करायची तर काय काय करता येतं, त्यातलं आम्ही काय काय करून पाहिलं आणि शेवटी कशावर थांबलो, एवढंच सांगतो. मी कृषी केंद्र चालवतो, या विषयातला तज्ज्ञ नाही, त्यामुळे माझं मत हे एका पोराच्या बापाचं मत म्हणूनच घ्या.

आमच्या गावाहून जिल्ह्याचं ठिकाण तासा-सव्वा तासावर आणि नागपूर एसटीने साडेचार तास. समोर तीन रस्ते होते. जिल्ह्याचं सरकारी केंद्र, नागपूरचं प्रायव्हेट सेंटर, आणि मोबाईलवर आईबापालाच शिकवणारी ऑनलाइन थेरपी. चौथा रस्ता आमच्या आईचा होता, "कायले नेता त्याले इतक्या दूर, बोलन नं तो, त्याचा बापही उशिराच बोलला." निदानाच्या आधी दीड वर्ष आम्ही त्याच रस्त्याने गेलो, ते सांगायला लाज वाटते पण खरं आहे.

सरकारी केंद्राचं आधी उरकतो. अंगणवाडीत पोरं तपासायला जी टीम येते ना, ती 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली, आमच्या पोराला पहिल्यांदा त्यांनीच हेरलं आणि चिठ्ठी देऊन जिल्ह्याच्या सरकारी केंद्रात, त्याला डीईआयसी म्हणतात, पाठवलं. तिथे पैसे लागत नाहीत, माणसं चांगली होती, आणि कानाची बेरा टेस्ट आधी करून घ्या हे त्यांनीच सांगितलं, कारण पोरगं हाक ऐकत नाही म्हणजे दरवेळी ऑटिझमच असं नसतं. अडचण एवढीच की स्पीचची जागा आम्ही जात होतो तोवर रिकामी होती आणि बाकीच्यांकडे गर्दी इतकी की पंधरा दिवसातून एकदा अर्धा तास मिळायचा. तुमच्या जिल्ह्यात सगळ्या जागा भरलेल्या असतील तर मी म्हणेन पुढचं वाचूच नका, तिथेच जा. आमच्याकडे नव्हत्या. पण नाव तिथे लावून ठेवाच, दिव्यांग दाखल्यासाठी लागतं.

मग नागपूर. सेंटर नावाजलेलं, नाव घेत नाही कारण तक्रार त्यांच्या कामाची नाहीच म्हटलं तरी चालेल. दर शनिवारी पहाटे पाचची गाडी, दोन सेशन पाठोपाठ, एक एबीएचं (वागणं-बोलणं सराव करून शिकवायची पद्धत) आणि एक ओटीचं (ऑक्युपेशनल थेरपी, हातांची आणि रोजची कामं शिकवणारी), पंचेचाळीस पंचेचाळीस मिनिटांची, आणि रात्री नऊला घरी. सतरा शनिवार गेलो. हिशोब वहीत आहे म्हणून सांगतो, एका सेशनचे 650, म्हणजे फेरीला 1300, आणि एसटी, ऑटो, खाणंपिणं मिळून अजून 1300, तेही बायकोला 2023 पासून अर्धं तिकीट आहे आणि पोराचं तेव्हा लागत नव्हतं म्हणून. सतरा फेऱ्यांचे 44,200. त्यातले बरोबर निम्मे रस्त्यावर. शनिवारी दुकान बंद ते वेगळंच, आणि जून-जुलैत, बियाण्याच्या टायमाला, कृषी केंद्रवाल्याने शनिवारी दुकान बंद ठेवलं की गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊन तिथलंच होऊन जातं.

पण खरं सांगू, पैशाने आम्ही नागपूर सोडलं नाही. पैसे अजून काढले असते कुठून तरी. सोडलं ते त्या दारामुळे.

म्हणजे असं की पोराला आत घेतलं की दार बंद. आईबाप बाहेर, कॉरिडॉरमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, दोन्ही सेशन मिळून दीड तास तिथे बसायचं, आतून कधी रडणं ऐकू यायचं कधी टाळ्या. दार उघडलं की मॅडम हसून सांगायच्या, "आज छान बसला, फाइव्ह मिनिट्स सिटिंग झालं," आणि पुढचं मूल आत. आम्ही विचारलं की आम्ही आत बसू का, तर म्हणे आईबाप दिसले की मूल विचलित होतं. तेही खरं असेल, मी नाही म्हणत नाही. पण मग घरी काय करायचं? तर एक छापील कागद मिळायचा, त्यावर इंग्रजीत पाच ओळी.

तिसऱ्या महिन्यात मॅडमनी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. पोरगं टेबलाशी बसलंय, समोर लॅमिनेट केलेली कार्डं, मॅडम म्हणतात "व्हॉट डू यू वॉन्ट", आणि हा ग्लासचं कार्ड उचलून त्यांच्या हातात देतो आणि म्हणतो "वॉटर". बायको तिथेच रडायला लागली, मीही डोळे पुसले, गाडीत बसल्यावर घरी फोन करून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पाहतो तर पोरगं नेहमीसारखं आईचा हात मनगटाला धरून ओढत माठाजवळ नेऊन राहिलं, तोंडातून शब्द नाही. आम्ही "वॉटर" म्हणून पाहिलं, कार्ड दाखवून पाहिलं, त्याने कार्ड घेतलं आणि फिरवत बसला. कारण आमच्या घरी वॉटर नाहीच ना. आमच्या घरी माठ आहे, त्यावर झाकण, झाकणावर गडू, आणि सगळे म्हणतात "पानी". टेबल नाही, कार्ड नाही, मॅडम नाही. त्याच्यासाठी ते नागपूरचं एक काम होतं जे तो नागपूरला करून यायचा. याला काहीतरी शब्द आहे म्हणतात, जनरलायझेशन, शिकलेलं एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाणं, आणि ऑटिझमच्या पोरांमध्ये ते सहज होत नाही. मग जिथे पोरगं आठवड्याचे बाकी सगळे तास राहतं तिथल्या माणसांनाच दाराबाहेर ठेवलं तर हे जाणार कसं, हा माझा प्रश्न, आणि याचं उत्तर मला सतरा शनिवारात मिळालं नाही.

थोडं वाचलं मग. एबीएचं नाव ज्या अभ्यासाने झालं तो लोवास नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा, 1987 चा, त्यात पोरांना आठवड्याला चाळीस तास दिले होते. आमचे एबीएचे तास किती, तर पाऊण. आणि दुसरीकडे गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत एक अभ्यास झाला, 2016 मध्ये छापून आला, त्यात साध्या आरोग्य कार्यकर्त्यांनी आईबापालाच पोराशी कसं खेळायचं बोलायचं ते शिकवलं, सहा महिन्यात बारा सेशन, आणि पोरं स्वतःहून आईबापाशी जास्त संवाद करायला लागली. पोरं बरी झाली असं कोणी म्हणत नाही तिथे, पण आमच्यासारख्यांना ते पचण्यासारखं वाटलं.

तिसरा रस्ता म्हणून ऑनलाइन घेतलं. ताई मराठी बोलणाऱ्या, 700 रुपये सेशन, आधी आठवड्याला एक, आता महिन्याला दोन. पहिल्याच कॉलला त्यांनी पोराला बघितलंच नाही म्हटलं तरी चालेल. म्हणाल्या, सकाळचा अर्धा तास घरातला जसा आहे तसा व्हिडिओ पाठवा, आवरू नका. आम्ही फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला. व्हिडिओत आमची आई मध्येच येऊन गेली, कोंबडी येऊन गेली. ताईंनी तो थांबवत थांबवत पाहिला आणि म्हणाल्या, "दादा, हा माठाकडे बघतो तेवढ्यात वहिनी पाणी देऊन मोकळ्या होतात, त्याला मागायची वेळच येत नाही."

मग गडू माठावरून उचलून वरच्या फळीवर, दिसेल पण हात पोचणार नाही असा. तो ओढायला लागला की खाली बसायचं, त्याच्या तोंडासमोर तोंड आणायचं, एकदाच "पानी" म्हणायचं आणि मनात पाच आकडे मोजायचे. हे पाच आकडे किती लांब असतात ते करून बघा. काहीही आवाज आला की लगेच पाणी, एक घोटच, म्हणजे पुन्हा मागायला जागा राहील. पहिले आठ-दहा दिवस नुसता कल्ला, आई म्हणाली "पोराले तहानेनं मारता का बे." अकराव्या का बाराव्या दिवशी त्याने फळीकडे बोट केलं आणि "पा" म्हणाला. नंतर हेच फल्लीदाण्यांवर केलं, चपलेवर केलं, दुकानातल्या फवारणी पंपाच्या दांड्यावर केलं कारण तो त्याला जगात सगळ्यात प्रिय आहे. आणि महत्त्वाचं म्हणजे हे आता आईही करते, तक्रार करत करत.

ऑनलाइनचे त्रास आहेत, ते लपवत नाही. लाइन जाते, नेटवर्क जातं, ताई "ऐकू येतंय का" म्हणतात तिथेच अडकून राहतात. गच्चीवर जाऊन बोलावं लागतं. आणि काम तुमच्या अंगावर येतं, बायकोच्या तर जास्तच, नागपूरला निदान दीड तास कोणी दुसरं पोराला सांभाळायचं. घरात दिवसभर मोकळं माणूस नसेल तर ऑनलाइनचा फार उपयोग होईल असं मला वाटत नाही. शिवाय हाताने करायच्या गोष्टी, म्हणजे ओटीचं बरंचसं, खाण्याच्या अडचणी, स्क्रीनवरून नीट होत नाहीत. पोरगं स्वतःला मारून घेत असेल, फिट येत असेल, झोपतच नसेल तर मोबाईलवर वेळ घालवू नका, सरळ नागपूरला सरकारी मेडिकल कॉलेज किंवा एम्स गाठा. नागपुरात राहायला बहीण-भाऊ असतील आणि सेंटर तुम्हाला आत बसू देत असेल तर माझा सगळा हिशोब उलटा पण होऊ शकतो.

कोणताही रस्ता घ्या, थेरपिस्टचा नोंदणी नंबर आधी विचारा, स्पीचवाल्यांचा वगैरे पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, आणि ओटीवाल्यांचा राज्याच्या ओटी-पीटी परिषदेचा. आम्ही नाही विचारला आणि त्याचा झटका पैशात बसला, ते पुढे येतंच.

पैशाचं. आयुष्मान कार्ड भरती झाल्यावर कामाचं, थेरपीच्या ओपीडी बिलाला नाही, हे आधीच समजून घ्या, आम्ही दोन चकरा फुकट मारल्या. कामाची आहे ती निरामय, राष्ट्रीय न्यासाची विमा योजना, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि त्यात थेरपीसाठी वेगळी मर्यादा असते. दारिद्र्यरेषेखाली असाल तर नोंदणीचे 250, नसाल तर 500, आधी कसली मेडिकल तपासणी नाही. पण आधी खिशातून भरायचं आणि नंतर मागायचं. आमच्या नागपूरच्या बिलांवर नोंदणी नंबर नव्हता, तो शिक्क्यासह लिहून आणायला एक फेरी, म्हणजे बिनसेशनचे 1300. ऑनलाइनच्या ताई बिल पीडीएफ पाठवतात, त्यावर सगळं असतं.

या सगळ्याच्या आधी दिव्यांग दाखला आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. 2016 च्या कायद्यात ऑटिझम 21 प्रकारात आहे, दाखला देणाऱ्या मेडिकल बोर्डाचा वार जिल्ह्याला फोन करून विचारा, आणि पोराला झोप झालेली असताना न्या, कारण आयसा म्हणून चाळीस मुद्द्यांची तपासणी असते आणि ती लवकर संपत नाही. लहान पोरांचा दाखला बहुतेक मुदतीचा मिळतो, तारीख भिंतीवर लिहून ठेवा. इन्कम टॅक्स भरत असाल तर दिव्यांग पोराला सांभाळण्यासाठी (1961 च्या कायद्यातलं कलम 80 डीडी) 75,000 ची वजावट आहे, खर्च किती झाला ते न बघता, दाखला 80 टक्के किंवा जास्तीचा असेल तर 1,25,000, फक्त जुन्या पद्धतीने भरत असाल तरच, आणि ऑटिझमसाठी ठरलेला फॉर्म डॉक्टरकडून भरून घ्यावा लागतो. आमच्या गावच्या सीएला हे माहीत नव्हतं, मी सांगितलं.

दुकानात बसलं की लोक सांगतात, स्टेम सेल करून टाका, अमक्याच्या पोराला फरक पडला. लाखात आकडा सांगतात. नॅशनल मेडिकल कमिशनने 2022 मध्येच ऑटिझमसाठी त्याची शिफारस नाही म्हटलंय, मी तेवढं सांगतो आणि युरियाचा भाव विचारतो.

आम्ही सध्या महिन्याला दोन ऑनलाइन म्हणजे 1400, आणि तीन महिन्यातून एकदा सरकारी केंद्र, त्यांच्याकडे आता ओटीच्या नवीन मॅडम आल्यात. पोरगं बोलतं का विचाराल तर तेरा-चौदा शब्द, त्यातले चार आम्हालाच कळतात. नागपूरला आम्ही दहा दहा सेशनची पॅकेजं घेतली होती, त्यातली सहा सेशनं म्हणजे 3900 रुपये अजून तिकडेच आहेत, परत मिळत नाहीत. त्यांना विचारून ठेवलंय की या सहाच्या बदल्यात एकदा पूर्ण असेसमेंट कराल का, आणि त्या वेळी आम्हाला आत बसू द्याल का. पहिल्याला हो म्हणालेत, दुसऱ्याचं सोमवारी फोन करून सांगतो म्हणाले.