मेसेज पोचतात, बिल पोचत नाही: व्हॉट्सॲप पॅनलचा गणपती ते पाडवा अनुभव

गेल्या गणपतीच्या तोंडावर आम्ही व्हॉट्सॲप बिझनेस एपीआयचं एक पॅनल घेतलं. पॅनल म्हणजे एकाच वेळी शेकडो गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲप मेसेज पाठवायची वेबसाइट, आणि टेम्प्लेट म्हणजे त्यासाठी व्हॉट्सॲपकडून आधी मंजूर करून घ्यायचा मजकूर. कंपनीचं नावही घेत नाही. आमच्यासारख्या छोट्या एजन्सीवाल्यांशी बोललो की निम्म्या पॅनलांची हीच तऱ्हा ऐकायला मिळते.

लिहायला बसलोय ते बिलामुळे. मार्चच्या सुरुवातीला सीए मॅडमनी वर्षाचा हिशेब जुळवायला घेतला आणि फोन केला, "अहो, तुमच्या त्या मेसेजवाल्यांचं काहीच २बी मध्ये दिसत नाहीये. क्रेडिट सोडून द्यायचं का?" २बी म्हणजे विकणाऱ्यांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी, आणि क्रेडिट म्हणजे खरेदीवर दिलेला जीएसटी आपल्या भरायच्या जीएसटीतून वजा करून मिळणं.

सोडून द्यायचं? ₹१०,००० चं रिचार्ज मारलं की वर ₹१,८०० जीएसटी जातो. सीझनला आम्ही महिन्यात दोनदा-तीनदा रिचार्ज मारतो. सांगलीत तीन माणसांची एजन्सी चालवणाऱ्याला हे पैसे सोडून देता येत नाहीत. आमच्या क्लायंटला आम्ही १८ टक्के लावून बिल देतो, तो त्याचं क्रेडिट घेतो. मधल्या मधे आमचंच क्रेडिट बुडालं, तर तेवढा कर आम्ही आमच्या खिशातून सरकारला दिल्यासारखं झालं.

रिचार्ज म्हणजे ॲडव्हान्स. त्यावर पॅनलवाले लगेच एक पीडीएफ मेल करतात, वर ठळक अक्षरात 'रिसीट व्हाउचर'. देखणं असतं, लोगो-बिगो सगळं. पण त्यावर क्रेडिट मिळत नाही. क्रेडिट मिळतं टॅक्स इन्व्हॉइसवर. तेही समोरच्याने पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे त्याच्या विक्रीच्या विवरणपत्रात, आपल्या जीएसटी नंबरवर चढवलं तर, आणि १४ तारखेला ते आपल्या २बी मध्ये उतरलं तर. १ जानेवारी २०२२ पासून हा नियम पक्का आहे. २बी मध्ये नाही तर क्रेडिट नाही, मग तुमच्याकडे बँक स्टेटमेंट असो की देवाची चिठ्ठी.

आमचा जीएसटी नंबर पॅनलच्या प्रोफाइलमध्ये पहिल्या दिवसापासून भरलेला आहे. डॅशबोर्डवर कोपऱ्यात दिसतो. बिलावर मात्र येत नाही. नंबर नाही म्हणून त्यांच्या सिस्टीममध्ये आम्ही किरकोळ गिऱ्हाईक, आणि सगळी विक्री बी-टू-सी मध्ये, म्हणजे जीएसटी नंबर नसलेल्या गिऱ्हाइकांच्या खात्यात, ढकललेली. सपोर्टशी झालेलं बोलणं असं:

"सर, प्लीज प्रोफाइलमध्ये जीएसटी नंबर अपडेट करा."

"अपडेट आहे. स्क्रीनशॉट जोडलाय."

"थँक्यू सर. तुमचं तिकीट रिझॉल्व्ह झालं आहे. आमच्या सेवेला रेटिंग द्या."

एक स्टार दिला. लगेच फोन आला, सर एक स्टार का? म्हणजे रेटिंग वाचायला माणूस आहे, बिल काढायला नाही.

असो. माल कसा आहे तेही सांगायला हवं, कारण माल वाईट नाही.

आमचे क्लायंट म्हणजे विश्रामबागेतलं एक साडीचं दुकान, एक भडंगवाले, मिरजेतला एक दाताचा दवाखाना, तासगावकडचे एक बेदाणे व्यापारी आणि असेच आणखी काही. यांना ब्रँड-बिल्डिंग वगैरे भाषा चालत नाही. त्यांना गिऱ्हाईक दुकानात आलं पाहिजे किंवा फोन वाजला पाहिजे. पूर्वी आम्ही एसएमएस करायचो. त्यात डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या पोर्टलवर नोंदणी, सहा अक्षरांचा हेडर म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, प्रत्येक मजकुराची आधी मंजुरी, आणि जाहिरातीचा मेसेज सकाळी १० ते रात्री ९ मध्येच. त्यात मराठीची वेगळीच गंमत. इंग्रजी एसएमएसला १६० अक्षरं मिळतात, देवनागरीत ७०. काना-मात्रा-वेलांटी सगळं त्यात मोजलं जातं. 'दसऱ्यानिमित्त साड्यांवर विशेष सवलत' एवढं लिहून दुकानाचा पत्ता टाकला की दुसरा एसएमएस सुरू, पैसे डबल. मराठीत लिहायचं म्हणजे जास्त मोजायचं, हे मला कायम खटकत आलंय. व्हॉट्सॲपच्या टेम्प्लेटमध्ये १,०२४ अक्षरांपर्यंत मजकूर जातो, फोटो जातो, खाली बटण येतं. या एका गोष्टीसाठी मी एसएमएस सोडला आणि परत जाणार नाही.

साधं बिझनेस ॲप का नाही, असं क्लायंट विचारतात. त्यात ब्रॉडकास्ट लिस्टला, म्हणजे एकदम मेसेज पाठवायच्या यादीला, २५६ जणांची मर्यादा, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो. साडीच्या दुकानाचा नंबर सेव्ह करून ठेवणाऱ्या बायका असतात, पण दाताच्या डॉक्टरचा नंबर दाढ दुखायच्या आधी कोण सेव्ह करतं?

आता टेम्प्लेटचं. मेसेजचे प्रकार ठरलेले आहेत, जाहिरातीचा मार्केटिंग, ऑर्डर-बिलाची माहिती देणारा युटिलिटी आणि ओटीपीवाला ऑथेंटिकेशन. मार्केटिंगचा दर युटिलिटीच्या कित्येक पट आहे, त्यामुळे सगळा धंदा युटिलिटीत कसं बसवायचं यावर चालतो. भडंगवाल्यांचं उदाहरण देतो. २२ सप्टेंबर २०२५ ला, ऐन घटस्थापनेदिवशी, पॅकबंद नमकीनवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. पाकिटांचे भाव बदलले, दुकानदारांना कळवायचं होतं. मी अगदी रुक्ष मजकूर केला: 'आपल्या ऑर्डरचे सुधारित दर पुढीलप्रमाणे, जुन्या साठ्याबाबत संपर्क साधावा.' युटिलिटीत मंजूर होण्याच्या बेतात होता. मालकांनी शेवटी एक ओळ घालायला लावली, 'नवरात्रीसाठी आजच मागवा!' झालं, मार्केटिंग. ती ओळ काढून परत टाकला, तर आणखी एक भानगड. मजकुराची सुरुवात किंवा शेवट व्हेरिएबलने, म्हणजे दर गिऱ्हाइकागणिक बदलणाऱ्या नावाने वगैरे, करता येत नाही. आमची सवय 'अमुकशेठ, नमस्कार' अशी. तिथे नाव आधी येतं म्हणून नापास. 'नमस्कार अमुकशेठ' केलं की पास. हा नियम पॅनलवाल्यांचा नाही, व्हॉट्सॲपचाच आहे, पण पॅनलने टाइप करतानाच सांगायला काय हरकत होती? लाल शिक्का बसल्यावर सांगतं.

मालक लोकांना दुसरी हौस सुप्रभातची. रोज सकाळी गणपतीचा फोटो, खाली दुकानाचं नाव. एका शेठना समजवावं लागलं की शेठ, हे सुप्रभात प्रत्येकी पाऊण रुपयाच्या वर पडतंय, आणि चार जणांनी ब्लॉक मारलं की आपल्या नंबरची क्वालिटी हिरव्यावरून पिवळ्यावर येते, मग लालवर. शेठ म्हणाले, "गणपतीला कोण ब्लॉक मारतंय?" मारतात शेठ.

दुसरे एक जण पेनड्राइव्ह घेऊन आले, त्यात 'डेटा'. कुठून आणला ते विचारलं नाही, पेनड्राइव्ह परत केला. लोकांच्या खाजगी माहितीच्या संरक्षणाचा डीपीडीपी कायदा २०२३ चा, नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेत. कायदा बाजूला ठेवला तरी अनोळखी लोकांना मेसेज मारून ब्लॉक खाण्यात धंदा नाही. पॅनल मात्र ती यादी बिनबोभाट अपलोड करून घेतं, एक टिकमार्क मारायला लावतं, बास. आम्ही साडीच्या दुकानात बिलाच्या काउंटरवर क्यूआर लावला आहे. स्कॅन केलं की गिऱ्हाइकाकडूनच 'हाय' येतं. यादी हळू वाढते, पण ब्लॉक जवळजवळ नाहीत.

इथवर लिहून मी हे ठेवून दिलं होतं, दोन स्टार द्यायचे ठरवून. मग पाडव्याचा आठवडा आला आणि मत थोडं हललं.

कारण इनबॉक्स. पॅनल घेताना याच्याकडे मी लक्षच दिलं नव्हतं, मला फक्त ब्रॉडकास्ट हवा होता. एकाच नंबरवर आलेले मेसेज चार जणांना वाटून देता येतात. कुणी कुणाला काय उत्तर दिलं ते दिसतं, खाली पिवळ्या पट्टीत आपल्यापुरती नोंद करता येते. साडीच्या दुकानात काउंटरवरच्या तीन मुलींना लॉगिन दिलं. पाडव्याच्या आधी आठ साड्यांचा एक मेसेज सोडला, आणि रात्री साडेदहानंतर उत्तरांचा पाऊस. 'हिरव्यात आहे का?' 'काठ जवळून दाखवा.' 'जतला पाठवता का, कुरियरचे किती?' 'सासूबाईंना फिकट हवी आहे.' एका ताईंनी तर कपाटातल्या ब्लाउजचा फोटो पाठवला, यावर जाईल अशी काढा म्हणून. सकाळी दुकान उघडताच मुलींनी काठाचे क्लोजअप काढून उत्तरं दिली. त्या ब्लाउजवाल्या ताईंच्या चॅटखाली पिवळ्या पट्टीत नोंद होती: 'अबोली सोडून काहीही चालेल. संध्याकाळी ५ नंतर येणार.' त्या आल्या, दुसरी मुलगी काउंटरवर होती, तिने नोंद वाचून साड्या आधीच काढून ठेवल्या होत्या.

आणि याला पैसे लागत नाहीत. गिऱ्हाइकाने मेसेज केला की २४ तासांची खिडकी उघडते, त्यात आपली उत्तरं फुकट. जाहिरातीवरच्या व्हॉट्सॲप बटणावरून कुणी आलं आणि आपण एका दिवसात उत्तर दिलं, तर ७२ तास टेम्प्लेटसुद्धा फुकट. म्हणून आता मी क्लायंटना सांगतो की ब्रॉडकास्ट कमी करा, उत्तर द्यायला माणूस बसवा. पूर्वी आम्ही किती मेसेज गेले याचा रिपोर्ट द्यायचो. आता किती जणांना उत्तर मिळालं याचा देतो. भडंगवाल्यांना तो आवडत नाही, त्यात आकडा लहान दिसतो. साडीवाले खूश आहेत.

म्हणून साडेतीन स्टार. पूर्ण चार नाहीत, कारण ते ₹१,८००.

घरचे म्हणतात सोड, मेसेज तर जातायत ना. तत्त्वाचा प्रश्न वगैरे काही नाही हो, पैशाचाच आहे. पॅनलवाले मेसेजमागे स्वतःचे पैसे वर लावतात, महिन्याचं भाडं वेगळं घेतात, दोन्हीला माझी ना नाही. माझ्याकडून कर घेतलाय, तो माझ्या नावावर भरा, इतकंच मागतोय. शेवटी त्यांच्या अकाउंट्समधल्या एका मॅडमचा थेट मेल आयडी मिळाला, तोही सेल्सवाल्या मुलाने गुपचूप दिला. मॅडम सज्जन निघाल्या. म्हणाल्या, बिलिंगचं सॉफ्टवेअर वेगळं आहे, प्रोफाइलमधला नंबर तिकडे जातच नाही, हाताने घालावा लागतो. एवढ्या महिन्यांत सपोर्टच्या एकाही माणसाला हे माहीत नव्हतं! फेब्रुवारी आणि मार्चची बिलं आता २बी मध्ये उतरली आहेत. जुनी दुरुस्त करून चढवायला त्यांना ३० नोव्हेंबरपर्यंत मुदत आहे, आणि मी दर सोमवारी मॅडमना मेल टाकतो. विषयात फक्त महिन्याचं नाव आणि रक्कम.

वार्षिक प्लॅनचं नूतनीकरण ऑगस्टमध्ये आहे. दोन महिने फुकट देतो म्हणून आत्ताच मागे लागलेत. मी मासिकवर जाणार आहे, महाग पडला तरी. तुम्ही कुठलंही पॅनल घ्या, डेमोच्या वेळी ऑटोमेशन-बिटोमेशन बघण्याआधी त्यांच्याकडून एखादं जुनं टॅक्स इन्व्हॉइस नमुना म्हणून मागा. नावं खोडून दिलं तरी चालेल. त्यावर घेणाऱ्याच्या जीएसटी नंबरचा रकाना भरलेला आहे का बघा. रिसीट व्हाउचर पुढे केलं तर चहा पिऊन या.