आधी कॅन की नॉय?

क्राउटरॉक, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकांतलं जर्मन प्रायोगिक रॉक, कुठून ऐकायला घ्यावं, असं कुणी विचारलं की माझ्यासमोर दोन बँडची नावं येतात: कोलोनचा कॅन आणि ड्युसेलडॉर्फचा नॉय.

कॅन १९६८ चा. होल्गर चुकाई आणि इर्मिन श्मिट हे दोघं जर्मन संगीतकार श्टॉकहाउझेनचे विद्यार्थी, तर ड्रमर याकी लीबेत्साइट जॅझमधून आलेला. १९७० मध्ये म्युनिकच्या रस्त्यावर गाणारा दामो सुझुकी त्यांना दिसला आणि त्याच रात्री तो त्यांच्याबरोबर मंचावर होता! तासन्‌तास वाजवायचं, टेप चालू ठेवायची आणि मग चुकाईने ती कापून, जोडून रचना घडवायची, ही त्यांची पद्धत. १९७१ च्या ‘टागो मागो’ या अल्बममध्ये एक रचना अठरा मिनिटांची आहे. ठेका तोच, पण त्यावर गिटार, आवाज, ऑर्गन सतत जागा बदलत राहतात. पहिल्यांदा ऐकताना दमायला होतं, हे खरं.

नॉयमध्ये माणसं दोनच, क्लाउस डिंगर आणि मिखाएल रोटर. दोघंही क्राफ्टवेर्क या जर्मन बँडमधून बाहेर पडलेले. १९७२ च्या पहिल्या अल्बमची सुरुवातच ऐका: डिंगरचा सरळ चार मात्रांचा ठेका दहा मिनिटं चालतो, पण समेवर येऊन थांबल्यासारखं कुठेच वाटत नाही. रात्रीच्या मोकळ्या हायवेवर गाडी एका वेगात धरावी, तसं.

नवख्याला मी नॉयच देईन. पहिल्या मिनिटात लक्ष खेचून घेतो. माझ्याकडे मात्र जास्त वेळा वाजतो तो कॅन, आणि तोही लीबेत्साइटच्या हातांसाठी.