चार पायऱ्यांची प्रतिसादपद्धत : नाशिकच्या कथावर्गातल्या नऊ महिन्यांच्या वापरानंतर

जून ते फेब्रुवारी, महिन्यातून दोनदा, गंगापूर रोडवरच्या एका खोलीत भरणाऱ्या कथालेखनाच्या वर्गात ही पद्धत वापरून झाली. अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी ती १९९० मध्ये आखली. जन्म नाचाच्या जगातला, पण अर्धवट असलेल्या कुठल्याही कामावर बोलायला ती चालते. मत आधीच सांगतो : पद्धत नक्की घ्या. फक्त मराठीत जशीच्या तशी उचललीत तर ती तिसऱ्या पायरीवर बसते.

पहिल्या पायरीत ऐकणाऱ्यांनी मजकुरातलं काय मनात राहिलं ते सांगायचं. दुसरीत लेखकाने प्रश्न विचारायचे. तिसरीत ऐकणाऱ्यांनी लेखकाला विचारायचे, पण त्या प्रश्नात मत दडलेलं नको. चौथीत मत, तेही परवानगी मागून : "शेवटाबद्दल माझं एक मत आहे, सांगू का?" लेखक हो म्हणेल किंवा नको म्हणेल. या सगळ्यावर एक सूत्रधार. लेखकाने तोंड मिटून बसायचं आणि बाकीच्यांनी कथा सोलायची, ही जास्त प्रचलित रीत. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात १९३६ मध्ये सुरू झालेल्या लेखनवर्गाशी ती जोडली जाते. त्या रीतीत लेखक घरी जातो तो दहा जणांची दहा मतं घेऊन, आणि त्याला स्वतःला काय विचारायचं होतं ते राहूनच जातं. इथे सुकाणू लेखकाच्या हातात राहतं, हा मोठा फरक.

वेळेचं गणित असं. ९०० शब्द मोठ्याने वाचायला साधारण ८ मिनिटं. पुढे पायऱ्यांना ६, ८, १० आणि ६, शेवटची २ मिनिटं लेखकाला टिपून घ्यायला. म्हणजे एका कथेला ४० मिनिटं. कागदावर दोन तासांत तीन कथा बसतात, पण घ्यायच्या दोनच. तिसरी घुसवली की चौथी पायरी दारात चपला घालताना उरकली जाते, आणि दारातलं मत नेहमी जास्त लागतं. माणसं आठ ते दहाच ठेवा. त्यापुढे तिसरी पायरी आवरत नाही.

कागद हवाच. व्हॉट्सॲपवर पाठवलेली कथा लोक वाचतात, पण खुणा करत नाहीत, आणि चर्चेच्या वेळी "ते मधे कुठेतरी होतं ना" सुरू होतं. १४ पॉइंटचा टाइप, ओळींत दुप्पट अंतर, डावा समास दोन बोटांऐवजी चार बोटं, दर पाचव्या ओळीला आकडा. माणशी एक झेरॉक्स. ओळीचा आकडा सांगून बोलायची सवय लागली की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

पहिल्या पायरीचा शत्रू म्हणजे "छान झालंय". "भिडलं", "मस्त जमलंय" ही त्याचीच भावंडं. यातून लेखकाला हाताशी काही लागत नाही. उपाय साधा आहे : बोलणाऱ्याने मजकुरातला एक शब्द किंवा एक ओळ उच्चारूनच बोलायचं. "ओळ ३५, परातीतलं पीठ वाळून गेलेलं, ते राहिलं." एवढं पुरतं. का राहिलं हे सांगायची गरज नाही.

दुसऱ्या पायरीसाठी लेखकाने तीन प्रश्न घरूनच मागच्या पानावर लिहून आणायचे. ऐन वेळी सुचतो तो एकच प्रश्न, "कशी वाटली?", आणि त्याने गाडी थेट मतांवर जाते. उपयोगी प्रश्नाचा नमुना : "मधू बाजारातून परत येतो तेव्हा त्याला पैसे मिळाले नाहीत, हे तुम्हाला कुठल्या ओळीवर कळलं?" आठ जणांनी आठ ओळी सांगितल्या तर तो भाग धूसर आहे. सहा जणांनी एकच सांगितली तर पुढची स्पष्टीकरणाची ओळ खुशाल कापा. कळवण-सटाण्याकडची अहिराणी संवादात आणणाऱ्यांसाठी यासारखाच एक प्रश्न कामाचा ठरला : "आजीचं बोलणं वाचताना कुठे थांबावं लागलं?" अर्थ कळला का, असं विचारलं की शहरातला वाचक संकोचाने हो म्हणतो. कुठे थांबलात म्हटलं की खरं सांगतो.

आता तिसरी पायरी. इंग्रजीतून आलेल्या माहितीत बरेचदा "मत नसलेला प्रश्न विचारा" एवढंच सांगून पुढे जातात. मराठीत मत प्रश्नाच्या कोपऱ्यात बसतं : "च"मध्ये, "तरी"मध्ये, "एवढं", "मुळात", "उगाच"मध्ये. "म्हातारीला नाव का नाही?" हा वरवर साधा प्रश्न ऐकणाऱ्याला उलटतपासणीसारखा लागतो, कारण आपल्याकडे "का नाही" हे घरापासून शाळेपर्यंत जाब विचारायलाच वापरतात. लेखक लगेच बचावाला उभा राहतो आणि पायरी संपली. तोच प्रश्न "म्हातारीचं नाव न देण्यामागे काय विचार होता?" असा केला की लेखक उत्तर शोधायला लागतो, आणि कित्येकदा आपण विचारच केला नव्हता हे त्याचं त्यालाच कळतं. म्हणून आमचा नियम : "का"ने प्रश्न नाही. काय, कोण, कुठे, केव्हा, कसं, एवढ्यांतूनच. प्रश्न आधी चिठ्ठीवर लिहायचा, "च" ते "उगाच" हे वरचे मत दडवणारे पाच शब्द दिसले तर खोडायचे, मग वाचायचा. पहिले दोन महिने हे फार कृत्रिम वाटतं. तरी सोडू नका.

या पायरीने काय होतं ते एका वाक्यावर दाखवतो. द्राक्षबागेवरच्या एका कथेच्या खर्ड्यात होतं : "बागेत बायका काम करत होत्या. सगळीकडे शांतता होती." यावर मत द्यायचं तर कुणीही म्हणेल, वर्णन कमी पडतंय, आणि लेखक दोन विशेषणं वाढवून आणेल. विचारलेला प्रश्न होता, "बायकांच्या हातात काय होतं?" पुढचा खर्डा असा आला : "मांडवाखाली बायका माना वर करून थिनिंग करत होत्या. कात्र्यांचा कट्-कट् आवाज, आणि पायाशी हिरव्या मण्यांचा सडा." शांतता हा शब्द गेला आणि शांतता आली. थिनिंग म्हणजे घडातले जास्तीचे मणी कापून काढणं. त्याऐवजी विरळणी लिहावं का, यावरही प्रश्न निघाला. पिंपळगाव-निफाडच्या बागेत थिनिंगच म्हणतात, तेव्हा बायकांच्या तोंडी आणि नजरेत तोच शब्द राहिला. माझ्या मते योग्यच.

चौथ्या पायरीत अडचण भाषेची नाही, रीतीभातीची आहे. परवानगी मागणारे सर, काका किंवा वयाने मोठ्या ताई असल्या की "नको" म्हणणं आपल्या संस्कारात बसत नाही. लेखक मान डोलावतो, मत ऐकतो आणि पुढचे दोन आठवडे लिहीत नाही. त्यावर तोंडी परवानगी बंद केली. मत देणारा चिठ्ठीवर फक्त विषय लिहितो : "शेवट", "नवऱ्याचे संवाद". लेखक हव्या त्या चिठ्ठ्या उचलतो, बाकीच्या उलट्या ठेवतो, आणि कुठली चिठ्ठी कुणाची हे विचारायचं नाही. सहा मिनिटांत दोन-तीन मतं होतात, तेवढी पुष्कळ.

सूत्रधार त्या दिवशीचा लेखक नसावा, आणि शक्यतो वर्ग घेणारा शिक्षकही नसावा. शिक्षक सूत्रधार असला की सगळे त्याच्या चेहऱ्याकडे बघून प्रश्न विचारतात. आळीपाळीने करा. मोबाइलवर वेळ लावून तो उलटा ठेवणं एवढंच कौशल्य सुरुवातीला लागतं.

कवितेला ही पद्धत अर्धीच लागू पडते. मुक्तछंदाला दोनदा वाचन, पहिली आणि दुसरी पायरी बस. वृत्तबद्ध कवितेत आणि गझलेत तर काही गोष्टी मताच्या नाहीतच. भुजंगप्रयात वृत्तात ओळीला चार य गण (लघु-गुरू-गुरू), बारा अक्षरं. ओळीत तेरावं आलं तर परवानगी कसली मागायची? पेन्सिलने खूण करून कागद परत द्यायचा. कथेतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांचंही तसंच. हे चर्चेत आणलं की दहा मिनिटं त्यातच जातात आणि कथा बाजूला पडते.

१८४० पासून सार्वजनिक वाचनालय असलेल्या या गावात चांगला वाचक शोधावा लागत नाही. पण बऱ्याच वाचलेल्या माणसालाच तिसरी पायरी सर्वांत जड जाते, कारण त्याच्याकडे मत तयार असतं. अशांना पहिल्या दोन बैठकींना फक्त पहिली पायरी द्यावी.

लेखकाची वही आम्ही अशी ठेवतो : उजव्या पानावर खर्डा, डावं पान कोरं. शेवटच्या दोन मिनिटांत डाव्या पानावर फक्त आलेले प्रश्न उतरवायचे, उत्तरं नाहीत, आणि मतं तर नाहीतच. घरी गेल्यावर तीन दिवस वही उघडायची नाही. दुसरा खर्डा आणताना बदललेल्या ओळींखाली रेघ मारायची आणि डावीकडच्या ज्या प्रश्नामुळे ती बदलली त्याचा आकडा समासात घालायचा. जिथे रेघ आहे पण आकडा नाही, त्या ओळीपासून पुढच्या बैठकीचं वाचन सुरू होतं.