सीएच-५३के किंग स्टॅलियन: ताकद उत्तम, किंमत डोळे फिरवणारी

सिकोर्स्की कंपनीने अमेरिकेच्या मरीन कोअरसाठी (समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणारे सैन्यदल) घडवलेल्या या मालवाहू हेलिकॉप्टरची पारख केवळ टनांत करणे योग्य नाही, कारण त्या हिशेबात २० टन वाहणारे रशियाचे एमआय-२६ आजही पुढे आहे. किंग स्टॅलियनला मात्र युद्धनौकेवर राहायचे असल्याने, पाती आणि शेपूट दुमडून जुन्या सीएच-५३ईएवढ्याच जागेत मावण्याची अट त्याच्यावर होती. ती पाळून त्याने साधलेली प्रगती थक्क करणारी आहे.

प्रत्येकी ७,५०० अश्वशक्तीची तीन टी-४०८ इंजिने बसवलेले हे यंत्र हुकाला लटकवून कमाल ३६,००० पौंड, म्हणजे १६ टनांहून अधिक भार उचलते. त्याहून बोलकी कसोटी उष्ण आणि विरळ हवेची आहे: ३,००० फूट उंची आणि सुमारे ३३ अंश तापमान असताना २७,००० पौंड भार ११० सागरी मैल नेणे, जे जुन्या यंत्राच्या जवळपास तिप्पट आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या व्हाइट माउंटन्समध्ये सुमारे १२,००० फुटांवर अपघातात पडलेले नौदलाचे एमएच-६० हेलिकॉप्टर त्याने उचलून खाली आणले, तेव्हा त्याची सेवेत रुजू होण्याची औपचारिक घोषणाही झालेली नव्हती. आतला कक्ष फूटभर रुंद केल्यामुळे हवाई दलाच्या मालवाहू विमानांतले पॅलेट, म्हणजे माल बांधून ठेवलेले सपाट तळ, माल न सोडता थेट आत सरकवता येतात. कागदावर क्षुल्लक वाटणारी ही सोय मला सर्वांत शहाणपणाची वाटते.

विकासाचा इतिहास मात्र फारसा कौतुकास्पद नाही. २००६ मध्ये कंत्राट झाले, पहिले उड्डाण थेट ऑक्टोबर २०१५ मध्ये घडले आणि प्राथमिक कार्यसज्जता एप्रिल २०२२ मध्ये जाहीर झाली. मधल्या काळात गिअरबॉक्सच्या अडचणी आल्या, शिवाय इंजिनांनी सोडलेले तप्त वायू पुन्हा इंजिनांतच ओढले जाण्याचा दोष दूर करण्यात बराच वेळ गेला. नियोजित २०० हेलिकॉप्टरांचा एकूण खर्च ३० अब्ज डॉलरच्या घरात जातो.

जुनी सीएच-५३ बाळगणाऱ्या देशांपैकी इस्रायलने हेच यंत्र घेतले, तर जर्मनीने २०२२ मध्ये बोइंगचे चिनूक हे मालवाहू हेलिकॉप्टर निवडले. ज्यांना जहाजावरून उडायचे नाही आणि एका खेपेत १२-१५ टन हलवण्याची वेळ क्वचितच येते, त्यांनी जर्मनीचाच मार्ग धरावा, असे माझे मत आहे.