जुनं गाणं बसवताना: हुबेहूब गावं की नव्या अंगानं?

जत्रेच्या कार्यक्रमासाठी किंवा चतुर्थीच्या दिवसांतल्या मैफलीसाठी जुनं, गाजलेलं गाणं निवडलं की पहिला वाद तालमीतच होतो. पेटीवर बसलेले काका म्हणतात, मूळ गाण्यातली एकही जागा, म्हणजे सुराचं खास वळण, सोडायची नाही. गिटार घेऊन आलेला मुलगा म्हणतो, तसंच गायचं तर लोक मूळ रेकॉर्डच ऐकतील, आपल्याला कशाला ऐकतील? गोव्यात दोघांचंही म्हणणं खरं ठरलेलं मी ऐकलंय, आणि दोघांचंही पडलेलंही ऐकलंय.

माझ्या मते निष्ठा की नावीन्य, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की या गाण्याचा जीव कुठे आहे? काही गाण्यांचा जीव चालीत आणि शब्दांत असतो, काहींचा एका विशिष्ट गळ्यात, तर काहींचा वाद्यमेळात. जीव जिथे आहे तिथे हात लावला की गाणं कोसळतं. बाकी सगळीकडे मोकळीक आहे.

हुबेहूब गाण्याचा फायदा आधी सांगतो, कारण आजकाल त्याला उगीच कमी लेखलं जातं. आपल्याकडे, विशेषतः फोंडा, म्हार्दोळ, मंगेशी या पट्ट्यात, नाट्यपदं, म्हणजे संगीत नाटकांतली गाणी, पाठ असलेला श्रोता पहिल्या रांगेत बसतो. दीनानाथ मंगेशकर आणि जितेंद्र अभिषेकी हे दोघेही मंगेशीचे, रामदास कामतही गोव्याचेच. इथे हे सूर घराघरांत आहेत. अशा श्रोत्यासमोर ओळखीची जागा नेमकी घेतली की समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधीच मान हलते आणि वन्स मोअर येतो. नवशिक्याला याचा आणखी एक मोठा लाभ होतो. एखादं पद तंतोतंत बसवताना ते का चांगलं आहे ते कळतं. कुठे श्वास घेतलाय, कुठल्या अक्षरावर हरकत आहे, कुठला शब्द मुद्दाम सपाट ठेवलाय, हे ऐकून नव्हे, गाऊनच समजतं.

पण जीव गळ्यात असेल तर हुबेहूबचा रस्ता हमखास फसतो. दीनानाथांची पदं घ्या. ती उंच पट्टी (गाण्यासाठी धरलेल्या मूळ सुराची उंची), ते झटके, अंगावर येणारी तान. ही गायकी त्यांच्या आवाजाच्या धाटणीतून आली होती. ती उतरवायला जाणाऱ्याचा आवाज वरच्या षड्जाशी (वरच्या ‘सा’शी) पोचेपर्यंत ओढला जातो, शब्द चेपतात आणि लोकांना पद ऐकू येण्याऐवजी गाणाऱ्याची दमछाक ऐकू येते. पट्टीचा हट्ट हे कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपण पुन्हा गाणं, फसण्याचं सर्वांत साधं आणि सर्वांत जास्त दिसणारं कारण आहे. पट्टी पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून सांगतात; मूळ गाणं काळी चारमध्ये असेल आणि तुमचा आवाज काळी एकमध्ये खुलत असेल तर खुशाल खाली आणा. श्रोता पट्टी मोजत नाही, त्याला आवाजातला मोकळेपणा कळतो.

जीव वाद्यमेळात असलेल्या गाण्यांचं गणित वेगळं. संगीतकार क्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना यांची कोंकणी गाणी पेटी-तबल्यावर घेऊन बघा, निम्मी उरतात. त्यांत ट्रम्पेट-सॅक्सोफोन गाण्यामागे वाजत नाहीत, ते गाण्याशी बोलतात. ‘नाचोंया कुंपासार’ (२०१४) या चित्रपटानं ती गाणी पुन्हा उभी केली तेव्हा पितळी वाद्यांचा बाज सोडला नाही, आणि म्हणून ती नव्या पिढीलाही भिडली.

आता नव्या अंगानं गाण्याविषयी. ‘परंपरा मोडू नका’ असं सांगणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मराठी नाट्यसंगीत उभंच राहिलं ते जुन्या चालींवर नवी पदं चढवून. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्र’मध्ये (१८८२) आधीच लोकांच्या ओठांवर असलेल्या चाली आहेत. ‘स्वयंवर’साठी (१९१६) भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशी, म्हणजे शास्त्रीय गायनातल्या बांधीव रचना, नाट्यपदांत उतरवल्या, आणि बालगंधर्वांनी गायल्यावर त्या पदांचं स्वतंत्र आयुष्य सुरू झालं. म्हणजे चाल भक्कम असेल तर ती नवा गळा, नवे शब्द, नवी वाद्यं सगळं पेलते. ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकात तर अभिषेकीबुवांनी ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन गायकींत दिलं आणि त्या फरकातून दोन घराण्यांचा संघर्ष उभा केला. कव्हर म्हणजे काय, हे शिकायला ती दोन रूपं एकापाठोपाठ ऐकण्यासारखा दुसरा पाठ नाही. २०१५ च्या चित्रपटात, मूळ नाटकात खाँसाहेब साकारणाऱ्या वसंतराव देशपांड्यांचे नातू राहुल देशपांडे त्याच खाँसाहेबांच्या पात्रासाठी गायले. घरातला बाज त्यांच्याकडे आहेच, पण आवाज स्वतःचा ठेवला, आजोबांचा केला नाही.

गोव्याच्या मातीतलं आणखी एक उदाहरण म्हणजे ‘हांव सायबा पलतडी वयतां’ ही देखणी, म्हणजे गोव्यातलं नाचगाणं. ‘बॉबी’त (१९७३) लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी तिचं पालुपद तेवढं ठेवलं, भोवतालचं सगळं हिंदी केलं. कोंकणीचा गंध नसलेली माणसंही ते पालुपद म्हणतात. ज्या तुकड्यात जीव होता तो तुकडा त्यांनी अचूक उचलला.

नव्या अंगाचं कव्हर फसतं ते धाडसामुळे नव्हे, न ऐकल्यामुळे. एका तालमीत ‘हे सुरांनो चंद्र व्हा’ बसवत होते. चाल अभिषेकीबुवांची, राग चारुकेशी. गायकाची पट्टी काळी एक, म्हणून गिटारवर पहिल्या पडद्यावर कॅपो (तारा दाबून सूर चढवणारा चाप) लावून मुलगा सी, एफ, जी असे सवयीचे मेजर कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) धरत होता. चारुकेशीत गंधार (ग) शुद्ध, त्यामुळे सी मेजर छान बसत होता. पण धैवत (ध) आणि निषाद (नी) कोमल, म्हणजे अर्ध्या सुरानं उतरलेले. एफ मेजरमध्ये शुद्ध धैवत वाजतो, जी मेजरमध्ये शुद्ध निषाद. गायक कोमल धैवतावर टेकला की गिटार त्याला वर ढकलायची, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, गायकच बेसूर आहे. एफ मायनर आणि जी मायनर धरल्याबरोबर गाणं जागेवर आलं. मग मुलानं आणखी एक चांगली गोष्ट केली. जिथे मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) आहे तिथे त्यानं कॉर्ड छेडलाच नाही, एकच तार वाजती ठेवली. तेवढ्यानं ते गाणं त्याचंही झालं.

लयीचंही तसंच. संथ पदाखाली जलद ठेका घातला की शब्द तोडावे लागतात, आणि शब्द तुटले की कवीनं जे म्हटलंय ते पोचत नाही. फक्त ठेका वाढवून केलेल्या रिमिक्सची लाट येऊन गेली. आज त्यातलं किती मनात उरलंय ते प्रत्येकानं आठवून बघावं.

ध्वनिमुद्रण करून ते विकायचं असेल तर कायदा या दोन रस्त्यांना सारखं वागवत नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम ३१ सीनुसार, पहिल्या ध्वनिमुद्रणाला पाच वर्षं झाल्यावर रॉयल्टी भरून कव्हर करता येतं. पण मूळ शब्दांत आणि चालीत तांत्रिक गरजेपलीकडे बदल चालत नाही, आधीच्या गायकाचं नाव किंवा छबी आवरणावर देता येत नाही, आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. छोट्या कलाकाराला हे झेपणारं नाही. नव्या अंगानं करायचं तर हक्कधारकाची परवानगी घ्यायलाच हवी. शब्द आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, त्यांची पदं केव्हाच मोकळी झाली. अभिषेकीबुवा १९९८ मध्ये गेले, त्यांच्या चालींवरचा हक्क २०५८ अखेरपर्यंत आहे. पहिलाच प्रयोग करणाऱ्यानं म्हणून ‘सौभद्र’कडे वळावं, असं मी आवर्जून सांगेन.

स्पर्धेत उतरत असाल तर हुबेहूबच्या जवळ राहा. परीक्षक तयारी बघतात, आणि मूळ जागा चुकली तर ती नवी कल्पना होती हे सांगायची संधी मिळत नाही. देवळासमोर गाताना चाल आणि शब्द शाबूत ठेवा, आलाप-ताना मात्र स्वतःच्या घ्या. तिथला श्रोता एवढी मोकळीक आनंदानं देतो. किनाऱ्यावरच्या हॉटेलात, जिथे समोरच्यांना मूळ पद ठाऊकच नाही, तिथे नवं अंग जास्त रुजतं, पण गाणं लहान करा आणि ध्रुवपद लवकर आणा. यूट्यूबवर तुमचं कव्हर मूळ गाण्याच्या शेजारीच उभं असतं, त्यामुळे तिथे नक्कल टाकण्यात काही हशील नाही.

तरीही ठरत नसेल तर वाद्यं बाजूला ठेवून नुसत्या तानपुऱ्यावर, तुमच्या पट्टीत, सावकाश ध्रुवपद म्हणा आणि गाणं माहीत नसलेल्या कुणाला तरी ऐकवा. त्याला ते पुन्हा ऐकावंसं वाटलं तर जीव चालीत आहे, नवी मांडणी करा. तुम्हालाच मूळ गायकाच्या आवाजाशिवाय ते अपुरं वाटत राहिलं तर ते गाणं शिकण्यासाठी ठेवा आणि कार्यक्रमाला दुसरं निवडा.